वाढीव ऊर्जाबिलांवर सरकारी मदत : पैसा कोणत्या वाटेने येतो आणि कुणापर्यंत पोचतो

२०२२ च्या ऑगस्टअखेरीस युरोपच्या घाऊक बाजारात नैसर्गिक वायूचा भाव हजार युनिटमागे ३०० युरोंच्या वर गेला. त्याआधीची कित्येक वर्षे तो साधारण २० युरोंच्या आसपास असे. (युनिट म्हणजे वीजबिलावर असते तेच, एक किलोवॉट-तास; युरोपातील अनेक देशांत नळाने येणाऱ्या गॅसचे बिलही याच मापाने होते.) भाव चढू लागले होते ते २०२१ च्या उत्तरार्धापासून. टाळेबंदीनंतर मागणी एकदम उसळली होती, भूमिगत साठे नेहमीइतके भरलेले नव्हते, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यानंतर रशियाने पाइपलाइनचा पुरवठा टप्प्याटप्प्याने आवळत नेला.

त्या हिवाळ्यात बहुतेक युरोपीय सरकारांनी घरांच्या आणि व्यवसायांच्या ऊर्जाबिलांचा काही भाग स्वतःच्या अंगावर घेतला. एकाच संकटावर इतक्या देशांनी इतके वेगवेगळे उपाय एकाच वेळी करून पाहण्याचा प्रसंग विरळा असतो, त्यामुळे अशी मदत नेमकी कशी चालते हे समजून घ्यायला तो काळ फार उपयोगी आहे. चर्चा बहुधा कोणत्या देशाने किती अब्ज खर्च केले याभोवती फिरते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मला असा वाटतो की, तो पैसा बिलाच्या कोणत्या ओळीत घातला गेला. कारण तीच रक्कम एका ओळीत घातली तर थंडीत कुडकुडणाऱ्या घराला तारते आणि दुसऱ्या ओळीत घातली तर एखाद्या बंगल्यातला तरणतलाव गरम ठेवते.

बिल कशाचे बनते

ऊर्जाबिलात ढोबळमानाने चार गोष्टी असतात : घाऊक बाजारातून विकत घेतलेल्या विजेची किंवा गॅसची किंमत, ती घरापर्यंत आणणाऱ्या तारांचा व नळांचा खर्च, पुरवठादार कंपनीचा खर्च व नफा, आणि सरकारी कर व अधिभार. यांतील काही भाग दर युनिटला लागतो, तर काही भाग वापर शून्य असला तरी भरावाच लागतो. यालाच स्थिर आकार म्हणतात. संकटात उसळी घेतो तो प्रामुख्याने घाऊक किमतीचा भाग.

गॅस महागला तर गॅसचे बिल वाढणार हे उघड आहे, पण विजेचे का वाढावे, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर घाऊक वीजबाजाराच्या रचनेत आहे. ठरावीक वेळेत लागणारी वीज सर्वांत स्वस्त केंद्रापासून घेत घेत वर जातात, आणि मागणी पुरी करण्यासाठी जे शेवटचे, म्हणजे सर्वांत महाग केंद्र चालवावे लागते, त्याचा भाव त्या वेळेतील सगळ्याच विजेला मिळतो. युरोपात हे शेवटचे केंद्र पुष्कळदा गॅसवर चालणारे असते. त्यामुळे ज्याचा खर्च एका पैशानेही वाढलेला नाही अशा पवनचक्कीच्या मालकालाही गॅसच्या हिशेबाने दर मिळतो. ही पद्धत एरवी कार्यक्षम मानली जाते, कारण तिच्यामुळे स्वस्त केंद्रे आधी चालतात व नव्या स्वस्त केंद्रांत गुंतवणूक करण्याचे आकर्षण राहते. मात्र एका इंधनाचा भाव दहापट होतो तेव्हा तिचे ओझे कुणाला सोसवत नाही.

दर रोखून धरणे

सर्वांत सोपा दिसणारा उपाय म्हणजे दरावर मर्यादा घालणे. ब्रिटनमध्ये नियामक संस्था ऑफजेम जानेवारी २०१९ पासून घरगुती ग्राहकांसाठी अशी मर्यादा ठरवत आली आहे. तिचा मूळ हेतू संकटनिवारणाचा नव्हता. जे ग्राहक पुरवठादार बदलण्याच्या फंदात पडत नाहीत त्यांच्याकडून कंपन्यांनी अवाच्या सवा दर उकळू नयेत, एवढाच होता. ही मर्यादा घाऊक भावानुसार वरखाली होते. सर्वसाधारण घराच्या वार्षिक बिलाच्या भाषेत सांगायचे तर ती ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती, एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ झाली आणि ऑक्टोबर २०२२ साठी ३,५४९ जाहीर झाली.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, जिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. घाऊक भाव दरमर्यादेच्या पुढे धावत होते तेव्हा ज्या पुरवठादारांनी पुढची खरेदी आधीच करून ठेवलेली नव्हती, त्यांना घेतलेल्या भावापेक्षा कमी दराने विकावे लागले आणि २०२१ मध्ये दोन डझनांहून अधिक कंपन्या बुडाल्या. त्यांतील सर्वांत मोठी बल्ब ही कंपनी नोव्हेंबर २०२१ मध्ये विशेष प्रशासकाच्या ताब्यात गेली. बुडालेल्या कंपन्यांच्या ग्राहकांना दुसरीकडे हलवण्याचा खर्च मोठ्या प्रमाणात सर्वच ग्राहकांच्या स्थिर आकारात मिळवला गेला. सरकारने फरक भरून न देता नुसता दर रोखला, तर तोटा नाहीसा होत नाही. तो आधी कंपनीच्या वहीत जातो आणि मग वेगळ्या नावाने बिलात परततो.

म्हणून १ ऑक्टोबर २०२२ पासून ब्रिटिश सरकारने ‘एनर्जी प्राइस गॅरंटी’, म्हणजे ऊर्जादराची हमी, लागू केली. तिच्यात वीज साधारण ३४ पेन्स आणि गॅस १०.३ पेन्स प्रति युनिट अशा दरांवर रोखण्यात आला आणि पुरवठादाराला होणारा फरक सरकारी तिजोरीतून देण्यात आला. जाहिरातीत सांगितला गेला तो आकडा होता वर्षाला २,५०० पौंड, आणि त्यातूनच मोठा गैरसमज पसरला. मर्यादा दर युनिटच्या किमतीवर होती. एकूण बिलावर कसलीच मर्यादा नव्हती. २,५०० हे फक्त मध्यम वापराच्या घराचे बिल होते आणि जास्त जाळणाऱ्याला जास्तच भरावे लागणार होते. तरीही कुणालाही २,५०० पौंडांहून अधिक भरावे लागणार नाही, असे खुद्द तत्कालीन पंतप्रधान लिझ ट्रस मुलाखतींतून सांगत राहिल्या. हा निव्वळ शाब्दिक तपशील नव्हे. आपले बिल काही झाले तरी वाढणार नाही, अशा समजुतीने हीटर चालू ठेवणाऱ्या गरीब कुटुंबाला त्याची किंमत महिन्याअखेर मोजावी लागते.

फ्रान्सने याच वाटेने पण आधी पाऊल टाकले. तेथे गॅसचे नियंत्रित दर ऑक्टोबर २०२१ च्या पातळीवर गोठवण्यात आले, तर विजेच्या नियंत्रित दरातील वाढ २०२२ मध्ये ४ टक्क्यांवर आणि २०२३ च्या सुरुवातीस १५ टक्क्यांवर रोखण्यात आली. त्यासाठी विजेवरील कर युरोपीय नियमांनी परवानगी दिलेल्या किमान पातळीपर्यंत उतरवला गेला आणि ईडीएफ या तेव्हा मुख्यतः सरकारी मालकीच्या असलेल्या वीजकंपनीला जादा अणुवीज प्रतिस्पर्धी पुरवठादारांना ठरलेल्या स्वस्त दराने विकायला लावण्यात आले. म्हणजे मदतीचा एक भाग अर्थसंकल्पातून आला आणि दुसरा कंपनीच्या ताळेबंदातून.

स्पेन आणि पोर्तुगाल यांनी मुळाशीच हात घातला. जून २०२२ पासून वीज बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसच्या किमतीवर त्यांनी मर्यादा आणली. ती पहिले सहा महिने हजार युनिटमागे ४० युरो होती व पुढे हळूहळू वाढत जाणारी होती. शेवटच्या केंद्राचा भावच खाली आल्यामुळे सगळ्या विजेचा घाऊक दर उतरला आणि गॅस केंद्रांना द्यायची भरपाई ग्राहकांवरील स्वतंत्र आकारातून काढूनही बिल कमीच राहिले. ही युक्ती चालली याचे एक कारण म्हणजे या दोन देशांच्या वीजवाहिन्या उर्वरित युरोपशी फारशा जोडलेल्या नाहीत. तरीही स्वस्त झालेली वीज फ्रान्सकडे वाहू लागलीच. मध्य युरोपात, जेथे सीमेपलीकडे वीज सहज जाते, तेथे अशा मदतीचा मोठा वाटा शेजाऱ्यांनीच उचलला असता.

दर रोखण्याचा दोष सर्वांना ठाऊक असतो, पण तो आकड्यांत पाहिला की अधिक बोचतो. दर युनिटला सवलत दिली की जो जास्त वापरतो त्याला जास्त सवलत मिळते, आणि मोठी घरे बहुधा सधनांची असतात. शिवाय गॅसचा तुटवडा असताना तो स्वस्त दाखवला, तर काटकसर करण्याचे कारण कमी होते. त्या वर्षी युरोपला काटकसरीची खरी निकड होती. युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२३ या काळात गॅसचा वापर १५ टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले होते.

जर्मनीचा ८० टक्क्यांचा हिशेब

या पेचावर सर्वांत विचारपूर्वक काढलेला तोडगा माझ्या मते जर्मनीचा होता, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तेथे २०२३ साठी घरांना आणि लहान व्यवसायांना गॅस १२ सेंट प्रति युनिट या दराने देण्याचे ठरले, परंतु फक्त आधीच्या अंदाजित वार्षिक वापराच्या ८० टक्क्यांसाठी. उरलेल्या वापराला करारातला पूर्ण दर. विजेसाठी हाच नियम ४० सेंटांवर होता. सवलतीची रक्कम जुन्या वापरावरून आधीच ठरत असे, आणि घराने प्रत्यक्षात किती जाळले यावर ती बदलत नसे. सारी खुबी यात आहे.

उदाहरण घेऊ. एका घराचा आधीचा वापर वर्षाला १५,००० युनिट आहे आणि नव्या करारातला दर १८ सेंट आहे. सवलत १२,००० युनिटांवर ६ सेंट, म्हणजे ७२० युरो. वापर तेवढाच राहिला तर २,७०० युरोंच्या बिलातून ७२० वजा होऊन १,९८० भरावे लागतात. वापर १२,००० युनिटांवर आणला तर २,१६० मधून तेच ७२० वजा होतात आणि १,४४० भरावे लागतात. म्हणजे ३,००० युनिट वाचवल्याचे बक्षीस ५४० युरो, अगदी पूर्ण १८ सेंटांच्या दराने. आता त्याच घराला सरसकट १२ सेंट दर लावला असता तर बिल १,८०० वरून १,४४० वर आले असते आणि बचतीचे मोल ३६० युरोच ठरले असते. काटकसर करणाऱ्या घराला दोन्ही पद्धतींत सारखेच भरावे लागते. मात्र जर्मन पद्धतीत काटकसर न करणाऱ्याला १८० युरो जास्त पडतात.

तिच्यातही खोट होतीच. जुन्या वापराचा आधार घेतल्यामुळे आधी भरमसाट जाळणाऱ्याला मोठी सवलत मिळाली, आणि आधीपासून काटकसर करणाऱ्याला छाटायला फारसे काही उरले नव्हते. फरक सरकार भरणार आहे म्हटल्यावर पुरवठादाराने दर उगाच चढवण्याची भीतीही होती. त्यामुळे कायद्यात गैरवापराला बंदी घालून तपासणीचे काम स्पर्धा नियामकाकडे सोपवावे लागले. ही यंत्रणा उभी करायला वेळ लागतो. प्रत्यक्ष सवलत मार्च २०२३ पासून सुरू झाली आणि जानेवारी-फेब्रुवारीची मागाहून जोडली गेली. तोवरचा आधार म्हणून डिसेंबर २०२२ चा गॅसचा हप्ता सरकारने एकरकमी उचलला. घाईच्या वेळी ढोबळ मदत आणि मागाहून नेमकी मदत, हा क्रम शहाणपणाचा होता.

नेदरलँड्स व ऑस्ट्रिया यांनी आधीचा वापर न पाहता प्रत्येक घराला ठरावीक कोटा दिला. नेदरलँड्समध्ये २०२३ साली पहिल्या १,२०० घनमीटर गॅसला व २,९०० युनिट विजेला मर्यादित दर होता, त्यापुढे बाजारभाव. ही पद्धत गरिबांना अधिक अनुकूल आहे, पण एकाच घरात सहाजण राहतात की एक, याची ती दखल घेत नाही.

हातात पैसा देणे

दराला हात न लावता रोख रक्कम देणे हा दुसरा मार्ग. अर्थशास्त्रज्ञांचा व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कल याच बाजूला होता : भाव ग्राहकापर्यंत पोचू द्यावा आणि ज्यांना तो सोसवत नाही त्यांना थेट मदत करावी. फ्रान्सने २०२१ च्या डिसेंबरात सुमारे ५८ लाख अल्प उत्पन्न गटांतील घरांना १०० युरोंचा जादा ऊर्जा-धनादेश पाठवला. ब्रिटनने कल्याणकारी भत्ते घेणाऱ्या कुटुंबांना २०२२ मध्ये ६५० पौंड दोन हप्त्यांत दिले, आणि त्याखेरीज जवळजवळ प्रत्येक घराला बिलात ४०० पौंडांची सूट ऑक्टोबर ते मार्च अशा सहा हप्त्यांत दिली.

कागदावर हा मार्ग निर्दोष आहे. अडचण येते ती पोचवण्यात. भत्त्यांच्या यादीत असलेल्या माणसाला पैसे पाठवणे सोपे असते. उत्पन्न मर्यादेच्या किंचित वर असलेला, किंवा पात्र असूनही भत्त्यासाठी अर्ज न केलेला माणूस मात्र यादीत सापडतच नाही. ब्रिटनच्या ४०० पौंडांचेच पाहा. बँकेतून आपोआप बिल भरणाऱ्यांना सूट काही न करता मिळाली. जुन्या पद्धतीचे प्रीपेड मीटर असलेल्यांना दर महिन्याला व्हाउचर पाठवले गेले, जे मुदतीच्या आत दुकानात किंवा टपाल कार्यालयात जाऊन वटवावे लागे. पुष्कळ व्हाउचरे न वटताच राहिली, आणि असे मीटर गरीब घरांत अधिक असतात. ज्यांच्या नावावर मीटरच नाही, म्हणजे सामायिक उष्णता-जाळ्यावरची (एकाच केंद्रातून नळांनी उष्णता घेणारी) घरे, फिरत्या घरांच्या वसाहती, कालव्यातील नौकांवर राहणारे लोक, त्यांच्यासाठी स्वतंत्र अर्जाची सोय फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस, थंडी सरत आल्यावर उघडली आणि मे महिन्यात बंद झाली. पात्र घरांच्या मानाने अर्ज फारच थोडे आले. जिथे अर्ज करावा लागतो तिथे मदत गळते, हे कोणत्याही योजनेत गृहीत धरावे.

करकपात ही याच कुटुंबातली, पण आळशी बहीण. स्पेनने विजेवरील व्हॅट २१ वरून १० आणि मग ५ टक्क्यांवर आणला, जर्मनीने गॅसवरील १९ चा ७ केला. काम एका दिवसात होते, म्हणून राजकारण्यांना ती आवडते. फायदा मात्र वापराच्या प्रमाणात वाटला जातो.

व्यवसायांची गोष्ट वेगळी का

घरगुती ग्राहकाला ब्रिटनमध्ये निदान नियामकाची मर्यादा होती. व्यवसायांना तसे संरक्षण नव्हते. ते बहुधा एक ते तीन वर्षांचे स्थिर दराचे करार करतात, त्यामुळे कुणाला किती झळ बसली हे त्याच्या कार्यक्षमतेपेक्षा जुना करार कोणत्या महिन्यात संपला यावर ठरले.

ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ या सहा महिन्यांसाठी ब्रिटिश सरकारने व्यवसाय, धर्मादाय संस्था, शाळा व रुग्णालये यांना घाऊक भागावर सवलत दिली : करारातील घाऊक भाग विजेला २१.१ पेन्स व गॅसला ७.५ पेन्सपेक्षा जास्त असेल, तर वरचा फरक सरकार देई. १ डिसेंबर २०२१ नंतर झालेले स्थिर दराचे करार यात धरले गेले. समजा एखाद्या लाँड्रीने ऑगस्ट २०२२ मध्ये घाबरून दोन वर्षांचा करार केला आणि त्यात विजेचा घाऊक भाग ४५ पेन्स होता. तर तिला युनिटमागे २३.९ पेन्स सवलत मिळाली. एप्रिल २०२३ पासून योजना बदलली. नवी सीमा ३०.२ पेन्स आणि सवलत जास्तीत जास्त १.९६ पेन्स. बाजारात भाव उतरले होते हे खरे, पण लाँड्रीचा करार ४५ पेन्सलाच बांधलेला होता. सरकारच्या दृष्टीने संकट ओसरले होते. त्या दुकानाच्या दृष्टीने ते त्याच दिवशी सुरू झाले.

काच, खते, पोलाद, कागद असे जे उद्योग ऊर्जा खातात आणि परदेशी मालाशी स्पर्धा करत असल्याने वाढीव खर्च किमतीत चढवू शकत नाहीत, त्यांना बहुतेक देशांनी जास्त मदत दिली. जर्मनीत मोठ्या उद्योगांना गॅसला ७ सेंट दर होता, तोही ७० टक्के वापरापुरता आणि कर-आकार वगळून. २० लाख युरोंहून अधिक मदत घेणाऱ्या कंपनीवर नोकऱ्या टिकवण्याची अट होती, आणि ५ कोटींहून अधिक घेणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापनाला बोनस घेता येत नव्हता. अशी मदत देताना एक प्रश्न कायम राहतो : तात्पुरत्या वादळात सापडलेला कारखाना आपण वाचवतो आहोत, की स्वस्त रशियन गॅसवाचून मुळात चालूच न शकणारा? बाहेरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हा फरक त्या क्षणी क्वचितच दिसतो.

पैसा कुठून आला

भाववाढीत कुणाचा तरी अनपेक्षित नफाही झालेला असतो. ब्रिटनने २६ मे २०२२ पासून उत्तर समुद्रातील तेल व वायू उत्पादकांच्या नफ्यावर २५ टक्के जादा कर लावला व जानेवारी २०२३ पासून तो ३५ टक्के केला. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२२ च्या नियमाने जीवाश्म इंधन कंपन्यांच्या जादा नफ्यावर किमान ३३ टक्के योगदान आकारले. जादा नफा म्हणजे २०१८ ते २०२१ च्या सरासरीहून २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढलेला. पवन, सौर, अणू अशा स्वस्त वीज उत्पादकांच्या कमाईवरही प्रति युनिट १८ सेंटांची मर्यादा घालण्यात आली. तरी खर्चाचा मोठा भाग कर्जाचाच होता. जर्मनीने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेला २०० अब्ज युरोंपर्यंतचा निधी नेहमीच्या अर्थसंकल्पाबाहेर ठेवला होता. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील घटनात्मक न्यायालयाने असाच अर्थसंकल्पाबाहेर ठेवलेल्या दुसऱ्या एका निधीविरुद्ध दिलेल्या निकालाने ही मांडणीच अडचणीत आली, आणि मार्च २०२४ पर्यंत लांबवण्याचा विचार असलेली दरसवलत ३१ डिसेंबर २०२३ रोजी थांबली.

इतक्या खर्चातला थोडाच भाग घरांच्या भिंती, छप्परे व खिडक्या उष्णता धरून ठेवतील अशा करण्यावर गेला. कारण समजण्यासारखे आहे : त्या कामाला कारागीर लागतात, वर्षे लागतात, आणि बिल या महिन्याचे भरायचे असते.

ब्रिटनची दरहमी जुलै २०२३ मध्ये आपोआप निष्प्रभ झाली, कारण ऑफजेमची मर्यादाच २,०७४ पौंडांवर आली होती. आदल्या हिवाळ्यात हमीच्या २,५०० मधून ४०० वजा जाऊन घराला सुमारे २,१०० पडत होते. म्हणजे घाऊक भाव एवढा उतरूनही सर्वसाधारण घराच्या खिशातून जाणारी रक्कम जवळपास तीच राहिली. बदलले एवढेच की आता सरकारचा हात त्यात नव्हता. ज्यांना त्या काळात बिले भरता आली नाहीत त्यांची थकबाकी साचत गेली, आणि ती पुरवठादारांना झेपावी म्हणून ऑफजेमने एप्रिल २०२४ पासून वर्षभरासाठी प्रीपेड वगळता इतर ग्राहकांच्या दरमर्यादेत वर्षाला २८ पौंड मिळवले.